टोकन कुठं ठेवता?

स्क्रिप्टमधून एखाद्या वेबसेवेकडे माहिती मागणं हे चार ओळींचं काम आहे. पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी, पत्ता, 'ऑथरायझेशन' हेडर, त्यात 'बेअरर' आणि पुढे टोकन. ते दुपारभरात जमतं. नव्या मुलांचा कोड वाचताना माझी नजर मात्र आधी एकाच गोष्टीवर जाते: टोकन येतंय कुठून?

या 'बेअरर' पद्धतीचे नियम २०१२च्या 'आरएफसी ६७५०'मध्ये आहेत. टोकन ज्याच्या हाती, त्याला प्रवेश. तो कोण, याचा वेगळा पुरावा मागितला जात नाही. म्हणून कोडमध्येच लिहिलेलं टोकन मला खपत नाही. फाइल एकदा गिटमध्ये गेली की ओळ नंतर खोडली तरी इतिहासात राहते. असं झालं तर आधी टोकन रद्द करायचं, साफसफाई मागाहून. पत्त्याला जोडून पाठवलं तर ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटतं. कर्लच्या कमांडमध्ये टंकलं तर शेलच्या हिस्टरीत.

मी ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेते, आणि तिथं नसेल तर स्क्रिप्ट सुरुवातीलाच थांबवते. हे थांबवणं महत्त्वाचं. कारण गिटहबची सार्वजनिक माहिती टोकनशिवायही मिळते, फक्त तासाला ५,०००ऐवजी ६० विनंत्यांपुरती. स्क्रिप्ट व्यवस्थित चालल्यासारखी वाटते आणि अर्ध्यात अडते.

उत्तरंही नीट वाचावी लागतात. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. पण खासगी रेपॉझिटरीचा अधिकार टोकनला नसेल तर गिटहब ४०४ देतं, ती अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून. मला हा विचार फार पटतो. नवखा माणूस अशा वेळी पत्ता पुन्हा पुन्हा तपासतो. तपासायला हवेत टोकनचे अधिकार.

'रिक्वेस्ट्स'ची एक खोड लक्षात ठेवा. होम डिरेक्टरीतल्या 'नेटआरसी' फाइलमध्ये त्याच सर्व्हरचा जुना पासवर्ड असेल, तर तुम्ही दिलेलं हेडर बाजूला सारून लायब्ररी तोच पाठवते. कोड बरोबर, टोकन बरोबर, तरी ४०१.

टोकन बनवताना कामापुरतेच अधिकार द्या आणि मुदत घाला. आणि आजच आपल्या खात्यातली टोकनची यादी उघडा. जे कशासाठी काढलं होतं ते आठवत नाही, ते रद्द करून टाका.