चंद्राच्या पलीकडे किब्ला कुठे?

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या एका संमेलनाला मी यंदा पहिल्यांदाच लेखिका म्हणून गेले. स्वतःची कथा वाचायची होती.

माझ्या कथेतली शबाना चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका तळावर काम करते. चंद्राची ती बाजू आपल्याला कधी दिसत नाही, तशी तिथून पृथ्वीही दिसत नाही. शबाना अलीकडच्या बाजूला असती, तर आकाशात जवळजवळ एकाच जागी थांबलेल्या पृथ्वीकडे तोंड करून तिने नमाज पढली असती. पण ती आहे पलीकडे. मधे अख्खा चंद्र. मग किब्ला कुठे?

वाचन संपलं आणि पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, कथा छान आहे, पण विज्ञानकथेत धर्म कशाला?"

विचारणारे गृहस्थ सज्जन होते, आवाजात राग नव्हता. आधीच्या सत्रातल्या एका कथेत मंगळावरच्या घरात दिवाळीचा आकाशकंदील लावला होता. तो सगळ्यांना आवडला, मलाही. त्याला मात्र कुणी धर्म म्हटलं नाही.

मी त्यांना २००७ सालची हकीकत सांगितली. मलेशियाचे डॉ. शेख मुझफ्फर शुकोर रमजानच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. ते स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. मग पाच नमाजांच्या वेळा कशा धरायच्या? मलेशियातल्या उलेमांनी त्यासाठी नियम ठरवले. वेळा यान सुटलं तिथल्या धरायच्या. तोंड काबेकडे करायचं. ते साधत नसेल तर पृथ्वीकडे, तेही जमत नसेल तर जिकडे जमेल तिकडे. रोजे परतल्यावर ठेवायचीही मुभा होती. यात कक्षा आहे, वेग आहे, दिशा आहे, वेळेचं गणित आहे. विज्ञानकथेला आणखी काय हवं?

घरी हीच कथा वाचून दाखवली, तेव्हा खालाजान म्हणाल्या, "बेटी, चंद्रावर कोण जातंय नमाज पढायला? त्यापेक्षा सीरतवर लिही, सवाब तरी मिळेल." तिकडे कथेत इस्लाम जास्त झाला, इकडे कमी पडला!

मला चिंता आहे ती माझ्या वर्गाची. आठवीच्या मुलींना 'शंभर वर्षांनंतरचं जग' यावर गोष्ट लिहायला दिली, की यान चालवणारा राहुल असतो, नाहीतर जॉन. आयेशा, सुमैया, निलोफर अशी नावं वहीच्या फक्त मुखपृष्ठावर. उद्याच्या जगात आपण असू, हे त्यांना कुठल्या गोष्टीत भेटलेलंच नाही.

म्हणून मी त्यांना रुकय्या सखावत हुसैन यांच्याबद्दल सांगते. पडद्यात वाढलेल्या या बाईंची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली. त्यातल्या बायका सूर्याची उष्णता साठवून वापरतात, हवेतून गाडी चालवतात आणि देशाचा कारभार बघतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "टीचर, हवेतली गाडी चालवताना नमाजची वेळ झाली तर?"

मी म्हटलं, "लिही. तेच लिही."