छत उघडण्यापुरती जागा

नाताळची सुट्टी लागली की मेलबर्नमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर कॅरव्हॅनच्या रांगा लागतात. कुणी समुद्रकाठाने जिलाँगच्या पुढे, कुणी गिप्सलँडमधून लेक्स एन्ट्रन्सला, कुणी उत्तरेला मरे नदीवर. साताऱ्याहून लग्नानंतर इथे आलेल्या तिला पहिल्याच उन्हाळ्यात प्रश्न पडला होता: आज रस्त्यावर आलेल्या या एवढ्या गाड्या एरवी वर्षभर असतात कुठे? पुढे स्वतःची कॅरव्हॅन घेताना तिला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच प्रश्न.

आधी त्यांच्याकडे तंबू होता. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात हॉल्स गॅपला एका पावसाळी रात्री तंबूत पाणी शिरलं, धाकटी खोकत राहिली आणि परतीच्या वाटेवर कॅरव्हॅनचा विषय निघाला. नवऱ्याला पक्क्या छताची, डोक्यावर ओळीने कपाटं असलेली ऐसपैस कॅरव्हॅन हवी होती. ती मात्र पॉप-टॉपवर ठाम होती.

पॉप-टॉपचं छत मुक्कामी पोचल्यावर उचलायचं असतं. आत पुढच्या आणि मागच्या टोकाला दुमडत्या दांड्या असतात, त्यांच्या मदतीला गॅसचे स्ट्रट. दांडी वर ढकलली की छत साधारण अर्धा मीटर चढतं आणि छत नि भिंत यांच्यामधला कॅनव्हासचा किंवा व्हिनाइलचा पट्टा ताणून उभा राहतो. त्यात जाळीच्या खिडक्या असतात. पारा चाळिशीला टेकलेल्या जानेवारीच्या दुपारी त्या खिडक्यांची किंमत कळते, तशीच जुलैच्या रात्री त्याच पट्ट्यातून झिरपणाऱ्या गारठ्याचीही. प्रवासात छत मिटलेलं असतं, वारा कमी अडतो, इंधन वाचतं. गेरी रायन यांनी १९७५ साली सुरू केलेली जेको ही इथली बडी कंपनी, आणि रस्त्यावर तिचे पॉप-टॉप सतत दिसतात. पुढे दोघांचा पलंग, मागे मुलांसाठी एकावर एक बंक, मध्ये ओटा आणि टेबल, ही कुटुंबाच्या पॉप-टॉपची नेहमीची मांडणी.

पण तिच्या लेखी निर्णायक गोष्ट होती उंची. इथल्या घरांच्या गॅरेजचं दार बहुधा २.१ मीटर उंच असतं. पक्क्या छताची कॅरव्हॅन तीन मीटरच्या आसपास जाते. पॉप-टॉप मिटल्यावर बहुधा सव्वादोन ते अडीच मीटर भरतो. म्हणजे गॅरेजात तोही सहसा शिरत नाही, छतावर एअर कंडिशनर असेल तर नाहीच. पण घराच्या बाजूला जरा उंच कारपोर्ट घातला तर आरामात मावतो आणि कुंपणावरून फारसा डोकावत नाही. शहराच्या पश्चिमेच्या नव्या वसाहतींत हे डोकावणं महत्त्वाचं असतं. तिथे प्लॉट विकतानाच अनेकदा अट घातलेली असते की कॅरव्हॅन रस्त्यावरून दिसता कामा नये. रस्त्यावर ठेवू म्हटलं तर ७.५ मीटर किंवा त्याहून लांब वाहनाला वस्तीत एका तासापेक्षा जास्त थांबायला एरवी मनाई आहे, आणि स्थानिक कौन्सिलचे नियम वेगळेच. जाहिरातीतली ‘१६ फुटी’ ही फक्त खोलीची लांबी. पुढचा ड्रॉबार धरला की आणखी मीटरभर तरी वाढतं. तिने आधी घराच्या बाजूची पट्टी टेपने मोजली, फाटकातून वळण कसं बसेल ते जमिनीवर खडूने आखलं आणि मगच जाहिराती वाचायला घेतल्या. हा क्रम अगदी बरोबर होता. लोक आधी कॅरव्हॅनच्या प्रेमात पडतात आणि मग तिला जागा शोधतात.

पेशाने ती हिशेबनीस, त्यामुळे वजनाचा ताळेबंद तिनेच मांडला. कॅरव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे महत्त्वाचे: रिकामं वजन, आणि सगळं सामान भरून जास्तीत जास्त किती चालेल तो एटीएम. समजा रिकामं वजन १५०० किलो आणि एटीएम १८०० किलो. मध्ये ३०० किलोची मोकळीक, भरपूर वाटते. पण ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो पाण्यातच गेले. नऊ किलो गॅसचे दोन सिलिंडर टाकीच्या वजनासकट चाळीस किलोच्या घरात जातात. उरले शंभरेक किलो. त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, खुर्च्या, कुकर, तांदूळ, डाळी आणि मुलांच्या सायकली. म्हणून पाणी मुक्कामाच्या नळावर भरायचं, टाक्या रिकाम्या ठेवून निघायचं, हा घरचा नियम झाला. सायकली कॅरव्हॅनच्या मागे टांगायच्या नाहीत, हा दुसरा. शेपटीला वजन आलं की पुढचा हूक हलका होतो आणि वेगात कॅरव्हॅन डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर हवा, आणि तो भार गाडीच्या स्वतःच्या क्षमतेतही मोजायचा असतो. पाचवा प्रवासी बसवताना हे सहज विसरलं जातं.

त्यांनी वापरलेली कॅरव्हॅन घेतली. दोन डॉलरमध्ये सरकारी नोंदवहीत कॅरव्हॅनचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकला की तिच्यावर कर्ज आहे का ते कळतं. ते आधी केलं. मग ओल. अनेक कॅरव्हॅनमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे लाकडी सांगाडा असतो. कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडक्यांची रबरं, छतावरचे झरोके यांतून पाणी झिरपतं आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीत लाकूड कुजत राहतं. तिने बंकखालची कपाटं उघडून आत वास घेतला, कोपरे अंगठ्याने दाबले, जमिनीवर टाच रोवून पाहिली. छत मालकाला न उचलू देता स्वतः उचललं. एअर कंडिशनर आणि सौर पॅनल चढवून जड झालेलं छत एकटीला उचलवत नसेल, तर नवरा गाडी लावत असताना पावसात काय करायचं? दुमडलेल्या पट्ट्याच्या घड्यांत काळे ठिपके आहेत का, तेही तिने बघितलं.

हे ठिपके बुरशीचे. पॉप-टॉप ठेवण्यातली सगळी मेख इथेच आहे. ओला पट्टा मिटून तसाच ठेवला तर थोड्याच दिवसांत बुरशी धरते आणि ती पूर्ण कधीच निघत नाही. म्हणून पावसातून परतल्यावर छत पुन्हा उघडून सगळं वाळवावं लागतं, आणि कारपोर्ट मिटलेल्या उंचीच्या मापाने बांधला असेल तर आत छत उघडताच येत नाही. तिने कारपोर्टवाल्याकडून तीन मीटरच्या वर उंची मागून घेतली. खर्च वाढला, पण गच्च पावसाळी आठवड्यातही छत उघडं ठेवून वाळवता येऊ लागलं.

बाकीची निगा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होती. टाक्या आणि गीझर रिकामे करायचे, नळ उघडे सोडायचे. फ्रीजचं दार किलकिलं ठेवायचं. गाद्या भिंतीला उभ्या करायच्या. पुढचं टोक किंचित वर ठेवायचं, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. चाकांना अडण्या लावून हँडब्रेक सैल सोडायचा, नाहीतर महिनोन्महिने दाबलेले ब्रेक चिकटून बसतात. पाइप शिरतात त्या भोकांत स्टील वूल कोंबायचं, उंदरांसाठी. बॅटरीच्या चार्जरसाठी बाहेरच्या भिंतीवर १५ अँपिअरचा वेगळा सॉकेट बसवून घेतला, कारण कॅरव्हॅनच्या वायरीचा जाड पिनेचा प्लग घरातल्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसत नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री मात्र तिने कधी घातली नाही. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि वाऱ्यावर ती फडफडून रंग खरवडते.

मोठा मुलगा बंकमध्ये पाय दुमडून झोपू लागला तेव्हा कॅरव्हॅन विकायची बोलणी झाली. मग त्याने यायचंच सोडलं, पाठोपाठ धाकटीनेही. वरच्या बंकवर आता रजया असतात आणि खाली साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाईंची चाकांची खुर्ची दुमडून राहते. पण ताळेबंद बदलला. दोन माणसांचं सामान आणि सायकली गेल्या, तसं दोन्ही टाक्या भरून निघणं वजनात बसू लागलं, आणि मुलं लहान असताना यादीतून खोडलेल्या, नळ नसलेल्या जागा पुन्हा यादीत आल्या.

एप्रिलमध्ये मरे नदीकाठाने मिल्ड्युराला जायचं ठरलं आहे. तिथून पुढे मंगो राष्ट्रीय उद्यानाकडचा रस्ता बराचसा कच्चा आहे. त्यांचा पॉप-टॉप डांबरी रस्त्याचा, त्यामुळे तो मिल्ड्युरालाच पार्कमध्ये राहील. त्याआधी टायर बदलायचे आहेत. नक्षी अजून शाबूत आहे, पण टायरच्या बाजूवरचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि इथल्या उन्हात उभं राहून रबर झिजण्याआधीच म्हातारं होतं. नवऱ्याला आणखी एक मोसम काढता येईल असं वाटतं. तिने टायरवाल्याची वेळ घेऊन ठेवली आहे.