आधी विचारायचं, मग थांबवायचं

गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद, हे रांजणगाव एमआयडीसीत आम्ही गृहीतच धरलेलं असे. बॅटरीवर सर्व्हर फार वेळ तग धरत नसत, म्हणून वीज जायच्या आत ते आपल्या हातानं नीट बंद करायचे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कारखान्यांची संगणक यंत्रणा सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. न्हावरा-चौफुला रस्त्यानं रांजणगावहून कुरकुंभला जायचं, उसाच्या ट्रॅक्टरांमागून वाट काढायची आणि तिथेही हेच काम.

क्रम ठरलेला होता. आधी नवी कामं आत येऊ द्यायची नाहीत, मग अॅप्लिकेशन सर्व्हरचे इन्स्टन्स एकेक करून थांबवायचे, डेटाबेस सगळ्यात शेवटी. चालू करताना नेमकं उलटं. टॉमकॅट असेल तर शटडाउनची स्क्रिप्ट चालवायची. ती ८००५ या पोर्टवर थांबण्याचा निरोप द्यायची. काळ्या पडद्यावर लॉगच्या ओळी सरकत राहायच्या. प्रोसेस हटून बसली, तर आधी साधी किल कमांड, म्हणजे १५ नंबरचा सिग्नल: हातातलं आवर आणि थांब. ९ नंबर अगदीच नाइलाज झाला तर. त्यात प्रोसेसला आवरायला क्षणभरही मिळत नाही; अर्धं काम अर्धंच राहतं.

पण कमांडच्या आधी फोन व्हायचा. स्टोअरला, डिस्पॅचला, वजनकाट्यावर. "दादा, वाईच थांबा, एक गाडी काट्यावर हाय, चलन निघू द्या." असं ऐकलं की आम्ही थांबायचो. चलन अडकलं तर ड्रायव्हरची रात्र गेटवर जाणार, हे त्या आवाजातूनच कळायचं.

आता सर्व्हर क्लाउडवर आहेत, गुरुवारची धावपळ संपली. ते सांभाळणाऱ्या क्यूबरनेटिसमध्ये एका कमांडनं इन्स्टन्सची संख्या शून्यावर आणता येते. नवी आवृत्ती चढवताना नवा इन्स्टन्स उभा राहतो, मग जुना उतरतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे सुख मोठं आहे, रात्रीची कितीतरी जागरणं त्यानं वाचवली. आणि पोटात अजून तेच जुने सिग्नल आहेत: आधी १५, मग ३० सेकंदांची मुदत, तरी थांबला नाही तर ९.

मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं ते फोनवाचून. त्याच्या जागी आता ती ३० सेकंदं आली. ती मुळातच भरलेली येतात, वाढवता येतात. पण बदलायचं कुणाच्या मनातच येत नाही. नेट रखडलेलं असताना एक चलन निघायला किती वेळ लागतो, हे काट्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून हाताखालच्या मुलांना मी एवढंच सांगतो: एकदा काट्यावर जाऊन उभे राहा, घड्याळ लावून चलनाचा वेळ मोजा आणि मुदतीच्या रकान्यात तो आकडा भरा.