रेणापूर ते तारकर्ली

तारकर्लीला स्कूबाला जायचंय, म्हणून व्हिडिओ कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरू देणारं कवच, घेतलं. अ‍ॅल्युमिनियमचं दणकट, पण महाग. पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक, आत थेंब शिरला तर लगेच दिसतो. मी तेच निवडलं. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि सगळी भिस्त एका रबरी ओ-रिंगवर! तिच्यावरून बोट फिरवलं तर एक केस चिकटलेला. तेवढ्यानंही पाणी आत येतं. तो काढला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. मग कॅमेरा न ठेवता, आत टिश्यू पेपर घालून ते हौदात दगडाखाली बुडवलं. आमचं रेणापूर लातूर जिल्ह्यातलं; 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्यामुळे भरलेला हौद बघून अजून जीव सुखावतो. तासाभरानं उघडलं. कागद कोरडा होता.