चोवीस व्होल्टचे घर

आमच्या बाबांना दोन घरे आहेत. एक अकोल्याच्या जुन्या शहरात, दोन खोल्यांचे, वर टिनपत्रे असलेले. दुसरे दहा चाकांचे. पहिल्या घराचा कर आई भरते. दुसऱ्याचे हप्ते बाबा भरीत होते आणि शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. गेल्या वर्षी मी सहज चाळा म्हणून कॅलेंडरवर खुणा करीत गेले. वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी पहिल्या घराच्या वाट्याला आल्या ७९. उरलेल्या सगळ्या रात्री बाबा ट्रकच्या केबिनमध्ये निजले. आता त्यांचे घर कोणते म्हणायचे, हे अर्थशास्त्राच्या सरांनी सांगावे की तर्कशास्त्राच्या, ते मला ठाऊक नाही.

ट्रक आपण बहुधा मागून पाहतो. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे वाचायची आणि ओव्हरटेक करायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. ती अक्षरेही महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केली. आत कोण राहतो, कसा राहतो, हे पाहायला चाकावर पाय ठेवून वर चढावे लागते. वर चढले की दिसते ते असे : चालकाच्या आसनामागे दोन फूट रुंदीची फळी, तिच्यावर गादी, डोक्यावर देव, खिळ्याला दाढीचा आरसा, कोपऱ्यात कपड्यांची पिशवी, आणि मधोमध इंजिनावरचे झाकण, ज्याला सगळे बोनेट म्हणतात. हिवाळ्यात हे बोनेट म्हणजे शेकोटी. उन्हाळ्यात काय, ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको.

हे घर प्रथमपासूनच हाताने बांधलेले. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हापासून कित्येक वर्षे कारखान्यातून बाहेर पडे ती नुसती चेसिस. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि पुढचे तोंड. बाकी सारे उघडे. बाबा तरुणपणी पुण्याहून अशी उघडी चेसिस चालवीत अकोल्याला आले होते. बसायला लाकडी खोके, डोळ्यांना गॉगल, तोंडाला दुपट्टा. वाटेत पाऊस लागला तर पाऊस अंगावर. मग इथला सुतार लाकडाचा सांगाडा उभा करी, त्यावर पत्रा ठोकी, पेंटर फुले काढी, आणि घर तयार होई. मालकाच्या खिशाप्रमाणे आणि मिस्त्रीच्या हाताप्रमाणे प्रत्येक केबिन निराळी. आतल्या माणसाला ऊन किती लागेल याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. तो आता मांडला गेला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सर्व मालट्रकांची केबिन वातानुकूलित हवी, असा केंद्र सरकारचा नियम आहे. चांगलेच झाले. पण बाबांची गाडी त्या तारखेच्या पुष्कळ आधीची. तिला तो नियम लागू नाही आणि ऊन मात्र लागू आहे.

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावले होते. कामगारांना पाणी द्या, पंखे द्या, शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असा तो हुकूम. आमची शिकवणीची वेळ बदलली. त्याच आठवड्यात बाबा तूरडाळीची पोती घेऊन कोलकात्याच्या वाटेवर होते. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या पोटरीवर, बोनेटच्या बाजूला नसूनही, घामोळ्यांचा लाल पट्टा होता. डाव्या पायाबद्दल मी लिहीत नाही.

यंदाच्या मे महिन्यात परीक्षा संपवून मी अमरावतीहून घरी आले, आणि गाडी कमानपाट्याच्या कामासाठी चार दिवस एम.आय.डी.सी.त उभी राहणार असे कळले. मी बाबांना म्हटले, या चार दिवसांत केबिन दुरुस्त करू. गाडीचे मूळ रूप नोंदणीपुस्तकाला सोडून बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्याला आड येते. पण छताच्या आत अस्तर घालायला, पंखा लावायला, फळी सरळ करायला कोणाची मनाई असणार? बाबा हो म्हणाले. आई मात्र पोळ्या लाटता लाटता थांबली.

"गाडीचं घर करसान तं घराची धर्मशाळा होईन," ती म्हणाली. "आताच तुमी पावन्यावानी येता. लेकीनं केबिन थंडी करून देली, मंग घराची आठोन कायले राहीन तुमाले?"

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. तिचे म्हणणे खोडून काढता येईल असे नव्हते.

धर्मशाळा हा शब्द आमच्या भागात जरा जपून वापरावा. शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या; स्वतः मात्र जन्मभर वाटेवर राहिले आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, वाटेतच गेले. हल्ली काही पेट्रोलपंपांवर ट्रकचालकांसाठी 'अपना घर' नावाची विश्रामगृहे आहेत. पलंग आहे, न्हाणीघर आहे. बाबा तिथे अंघोळ करतात आणि निजायला पुन्हा गाडीत येतात. बॅटरी, डिझेल, ताडपत्री, काय केव्हा नाहीसे होईल याचा नेम नसतो. "गाडी सोडून निजलो तं नीज गाडीतच राह्यते," असे ते म्हणतात. म्हणून केबिनच नीट करायची.

पहिल्या दिवशी मी छोटा तापमापक आत टांगला. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४४, बंद केबिनमध्ये ५३. मग आम्ही छताचे रेक्झीन आणि हार्डबोर्ड उतरवले. आत मुंग्यांचे वारूळ आणि एक जुनी पावती, एवढेच निघाले. वरचा पत्रा आणि खालचे अस्तर यांच्यामध्ये उष्णता अडवील असे काहीही नव्हते. गोदामाच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी, हवेच्या फुग्यांची शीट आम्ही आणली. ती पत्र्याला घट्ट चिकटवून चालत नाही. चंदेरी बाजूसमोर बोटभर मोकळी हवा ठेवली तरच तिचा उपयोग. म्हणून लाकडी पट्ट्या मारल्या आणि त्यावर शीट ताणली. टपाला बाहेरून पांढरा रंग दिला. बोनेटखाली पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस लावीत, ते फुप्फुसाला घातक. आम्ही ग्लासवूलची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेली गादी बसवली, एक्झॉस्टपासून चांगली दूर. ग्लासवूल हाताला झोंबते. मोजे घालूनच काम करावे.

तिसऱ्या दिवशी वीज. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून गाडी चोवीस व्होल्टवर चालते. बाजारात स्वस्त पंखे आणि चार्जर मिळतात ते बहुधा बारा व्होल्टचे. वायरमन मिस्त्री सरळ एका बॅटरीवरून तार काढायला निघाले. बहुतेक गाड्यांत असेच करतात. मी म्हटले, काका, असे केले तर एक बॅटरी रिकामी होत जाईल आणि दुसरी भरलेलीच राहील. अल्टरनेटर बिचारा दोघींना एकच समजून चार्ज करणार, म्हणजे एक उपाशी मरणार आणि दुसरी अजीर्णाने. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे.

"कोणत्या लाइनले हाय पोरगी?"

"बी.ए.ले," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजातला अभिमान त्यांना लपवता आला नाही.

शेवटी चोवीस व्होल्टचाच पंखा आणला आणि मोबाइलसाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर. पंखा पंधरा वॅटचा. रात्रभर, म्हणजे आठ तास, चालला तरी पाच अँपिअर-तास खाणार, बॅटऱ्या एकशेवीसच्या. सकाळी गाडी स्टार्ट होईल की नाही, ही बाबांची धास्ती या गणिताने गेली. तारेला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घातला आणि जिथे तार पत्र्यातून आत जाते तिथे रबरी बुश. हादऱ्याने पत्र्याची कड तारेला कापत जाते आणि एके रात्री निजलेल्या माणसाखाली आग लागते. या एका बुशाची किंमत चहापेक्षा कमी आहे.

स्टोव्ह मात्र केबिनमध्ये नको, यावर आमचे एकमत होते. गॅस हवेहून जड. गळला तर खाली साचून राहतो. क्लीनर आणि बाबा खाली, चाकाच्या आडोशाला, स्वयंपाक करतात ते तसेच ठेवले. खिडक्यांना डासांची जाळी लावली. फळीचा मधला आधार वाकलेला होता तो सरळ करून घेतला. बाकी देखभालीत मला शिकवण्यासारखे काही नव्हते, शिकायचेच होते. रोज हवेच्या टाकीतले पाणी सोडायचे, नाही तर ते ब्रेकच्या नळ्यांत जाते. टॉमीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकायचा. जोडचाकातले आतले बसले तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. बाबा हे करताना बोलत नाहीत. वैद्य नाडी पाहतो तसे उभे असतात.

काम करता करता मी त्यांना सांगितले की महाराष्ट्र सरकारचे २०२१ पासून कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आहे. पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेल्या मोटारी घेऊन लोक सहलीला जातात. बाबांनी पाना खाली ठेवला. "माणसं हौसेनं गाडीत राह्यतात? अन् त्याचे पैसे बी देतात? बाप्पा!" पुढचा तासभर ते मधूनच हसत होते.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला बाहेर पुन्हा ४४ होते. केबिनमध्ये ४६. पंखा लावल्यावर माणूस बसू शकत होता. बाबा फळीवर आडवे झाले आणि दहा मिनिटांत घोरू लागले. मी खाली उतरून कमानपाट्याला ग्रीस भरणाऱ्या पोराजवळ उभी राहिले.

गाडी रात्री निघणार होती. अमरावती-अकोला रस्ता आता सरळ आहे. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत त्यावर ७५ किलोमीटर डांबर अखंड टाकून गिनीज बुकात नाव गेले, त्याच पट्ट्यावरून बाबा दोन तासांत बडनेऱ्याला लागतात. संध्याकाळी आम्ही जेवायला घरी आलो आणि वीज गेली. टिनपत्रे दिवसभर तापलेली. भिंतीला हात लावावा तर चटका. आई पदराने वारा घेत बसली होती.

"चाल," बाबा तिला म्हणाले, "गाडीत जेवू."

आई लग्नानंतर दोन-तीनदाच केबिनमध्ये चढली असेल. तिला वर घ्यायला बाबांनी हात दिला, मी मागून आधार दिला. पंखा सुरू केला. तिने छताला हात लावून पाहिला, गादी दाबून पाहिली, खिडकीची जाळी उघडझाप केली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. डबा उघडला. भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा. बोनेटवर कागद अंथरून आम्ही तिघे जेवलो.

जेवण झाल्यावर तिने भोवती पाहिले. "पडदा नायी," ती म्हणाली. "उजेडात झोप कशी लागन? माह्या निळ्या लुगड्याचा शिवून ठेवतो. अन् इथं एक हूक पाह्यजे, डबा लटकवाले. किती दिवसांनी येसान?"

"बारा-तेरा दिवस लागतीन."

"मंग माप आत्ताच घेते," आई म्हणाली आणि विती टाकत खिडकी मोजू लागली.