बोटाचा हुंकार

गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, हा आपल्याकडचा जुना नियम. आजीने दोन वाक्यं सांगून थांबायचं, ऐकणाऱ्याने 'हुं' म्हणायचं, मग गोष्ट पुढे सरकायची. हुंकार बंद झाला की ओळखायचं, स्वारी झोपली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या घरांत तर हा हुंकार दोन भाषांतून येतो. कुणी 'मग पुढे?' म्हणतं, कुणी 'मुंद एनातु?' विचारतं. उत्सुकता मात्र एकच.

हल्ली या हुंकाराला आणखी एक वाट फुटली आहे. टॅबवर किंवा मोबाईलवर गोष्टीचं पान उघडतं, आतला आवाज ते वाचून दाखवतो आणि चित्रातल्या कशावरही बोट ठेवलं की ते हलतं, बोलतं, नाचतं. निम्मं पुस्तक, निम्मा व्हिडिओ गेम. अक्षरओळखही नसलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी असे गोष्टींचे खेळ ढिगाने निघाले आहेत. मला तर हा बोटाने दिलेला हुंकार वाटतो. तीस वर्षं प्राथमिक शाळेत गोष्टी सांगितल्या, आता नातीला सांगते आहे. तेव्हा या नव्या हुंकाराबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

खरं तर हा प्रकार तितका नवा नाही. आमच्या घरात तो १९९७ सालीच आला होता. टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत यजमानांचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस होतं आणि तिथे कॉम्प्युटर होता. अमेरिकेहून आलेल्या दिरांनी आमच्या चार वर्षांच्या चिरंजिवांसाठी एक सीडी आणली, 'जस्ट ग्रँडमा अँड मी'. मर्सर मेयर यांचं या नावाचं चित्रपुस्तक १९८३ सालचं. त्यावरून ब्रॉडरबंड या कंपनीने १९९२ साली ही सीडी काढली आणि 'लिव्हिंग बुक्स' ही मालिका सुरू झाली. कल्पना मार्क श्लिक्टिंग या चित्रकाराची. सुरुवातीलाच दोन पर्याय यायचे. नुसती गोष्ट वाचून दाखवायची, की मुलाला पानात खेळू द्यायचं? दुसरा निवडला की आवाज एक पान वाचे, वाचताना शब्द उजळत जात, आणि मग पान स्वस्थ थांबून राही. मुलाने माऊसने कुठेही टिचकी मारावी, तिथे काहीतरी गंमत घडे. पान उलटायचं ते मुलाच्या मर्जीने.

गोष्ट साधीच. एक पिल्लू आजीबरोबर बसने समुद्रावर जातं. आजीसाठी सगळं आपणच करायचं अशी त्याची हौस, आणि निस्तरते प्रत्येक वेळी आजीच. त्याने आणलेले हॉट डॉग वाळूत पडतात, आजी ते धुऊन घेते. आमच्याकडे हॉट डॉग कुणाला ठाऊक होता? मी त्याला 'पाव' म्हणून टाकलं. समुद्र आमच्या मुलाने गोव्याला पाहिला होता, त्यामुळे तो लगेच ओळखीचा झाला. त्या सीडीत भाषेची बटणंही होती, इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी. मुलगा मुद्दाम जपानी लावायचा आणि खिदळायचा. माझ्या सासूबाई मागे खुर्चीवर बसून बघत असत. त्या एकदा म्हणाल्या, "जपान्यांची आहे, मग आपली का नाही गं?" मी हसले. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्याच सुमारास जगात इतर प्रयोगही चालले होते. जपानमध्ये सेगा कंपनीने १९९३ साली 'पिको' नावाचं खेळणं काढलं. त्याची कार्ट्रिजच पुस्तकाच्या आकाराची असत. मुलाने हाताने जाड पान उलटलं की टीव्हीवरचं चित्र बदलायचं, जोडलेल्या पेनाने चित्राला स्पर्श केला की खेळ सुरू. १९९९ साली अमेरिकेत 'लीपपॅड' आलं. त्यात कागदाचं पुस्तक एका पाटीवर ठेवून पेन शब्दावर टेकवलं की तो शब्द ऐकू यायचा. बनवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. लहान मुलाला गोष्ट नुसती ऐकायची नसते, त्याला त्या गोष्टीत हात घालायचा असतो.

पुढे टॅब आला आणि माऊस, पेन, कार्ट्रिज सगळंच गेलं. बोट तेवढं राहिलं.

आता नातीकडे येते. सूनबाई धारवाडची, माहेर पक्कं कन्नड. घरात मी आणि मुलगा मराठीत बोलतो, सूनबाई लेकीशी कन्नडमध्ये. विहीणबाई वर्षातून दोन-तीनदा राहायला येतात. त्यांना मराठी कळतं, पण बोलताना अडखळतात. माझं कन्नड बाजारापुरतं. नातीला मी 'आजी', त्या 'अज्जी'. एका कान्याचा आणि एका जोडाक्षराचा काय तो फरक!

नात तीन वर्षांची झाली तरी फार बोलत नव्हती. शब्द होते, पण वाक्यं होत नव्हती. एका नर्सरीत नाव घालायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी ठामपणे सांगितलं, "घरात दोन-दोन भाषा, त्यात इथे इंग्रजी. मूल गोंधळतं. घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवलीत तर उत्तमच." घरी परतल्यावर कुणी फारसं बोललं नाही. सूनबाईचा चेहरा उतरला होता. दोन दिवसांनी विहीणबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "नम्दु बिट्टबिडरी, अक्का." आमची सोडून द्या. पोरीचं भलं होत असेल तर आमच्या भाषेचं काय घेऊन बसलात, असा तो सूर होता. मला भरून आलं. आपण दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे आहोत, असं त्या माउलीला नातीच्याही बाबतीत वाटावं?

आम्ही नातीचे कान तपासून घेतले, ते ठणठणीत होते. मग एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते या क्षेत्रातले जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. त्यांनी आम्हालाच प्रश्न केला, "दिवसभरात ती कुणाशी बोलते, आणि नुसतं ऐकते किती?"

उत्तर टॅबवर होतं. नातीचं एक लाडकं गोष्टीचं ॲप आहे. हत्तीचं पिल्लू आईला शोधत रानातून जातं, एवढीच गोष्ट. आवाज इंग्रजी. नदीच्या पानावर एक बेडूक आहे, त्याला बोट लावलं की तो टुणकन उडी मारतो. नात वीस-वीस वेळा त्याला उडवायची. तोवर बिचारं पिल्लू काठावर उभं! आई सापडली की नाही, याची तिला पर्वाच उरत नसे. बोटाचा हुंकार चालू होता, पण तो गोष्टीला नव्हता, बेडकाला होता.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पुस्तकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध केला. गोष्टीशी जुळणारी हालचाल, आवाज, संगीत यांनी मुलांना गोष्ट समजायला मदत होते. मात्र मधले खेळ आणि टिचकीच्या गमती लक्ष फोडतात, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी २०१३ साली हर्श-पासेक, गोलिन्कॉफ आदी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पालकांनाच तपासलं. कागदी पुस्तक हातात असताना पालक गोष्टीबद्दल बोलत होते. इलेक्ट्रॉनिक पुस्तक आलं की 'हे दाब, ते दाबू नको' असं बोलणं वाढत होतं. आणि त्या पुस्तकातून गोष्ट ऐकलेल्या तीन वर्षांच्या मुलांना ती कमी समजली होती. वाचून मला आमचीच बैठकीची खोली आठवली. "अगं, पुढचं पान लाव!" यापलीकडे आम्ही तरी काय बोलत होतो?

मग आम्ही घरात एक बदल केला, अगदी साधा. ॲपचा आवाज बंद केला.

गेल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ. बाहेर बेळगावचा पाऊस, वीज नुकतीच आलेली. टॅब मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. पान उघडलं. आवाज नाही म्हणून नात आमच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "एक होतं हत्तीचं पिल्लू." विहीणबाईंनी जरा दबकत सुरू केलं, "ओंदूराग ओंदु आनेमरि इत्तु." नदीचं पान आलं. बोट बेडकाकडे गेलंच. त्या म्हणाल्या "कप्पे", मी म्हटलं "बेडूक". नातीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग मला शिकवल्यासारखं सांगितलं, "अज्जीचं कप्पे, आजीचं बेडूक." तिचं इतकं लांब वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग मी विचारलं, "आणि पिल्लाची आई कुठे गं?" बोट बेडकावरून उठलं आणि स्वतःहून पुढचं पान शोधू लागलं.

त्यानंतर रोज जेवणाआधी अर्धा तास हा कार्यक्रम ठरला. माझं कन्नड सुधारलं, विहीणबाईंची भीड चेपली. चित्र यंत्राने द्यायचं, बोलणं आम्ही. पडद्यावरचं बेडूक कितीही वेळा उडालं तरी तो विचारत नाही, 'तुला काय वाटतं, पिल्लू घाबरलं असेल का?' मूल मध्येच गप्प झालं तर ते कंटाळलं, रमलं की त्याला रडू येतंय, हे त्याला कळत नाही. ते मांडीला कळतं.

हळूहळू टॅब बाजूला राहून तोंडच्या गोष्टीही सुरू झाल्या. मी भोपळ्यातल्या म्हातारीची सांगितली. लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असं वाघाला सांगून ती जाते आणि भोपळ्यात बसून त्याला चकवते. विहीणबाईंनी कर्नाटकात घरोघरी सांगितली जाणारी पुण्यकोटी गाईची सांगितली. वासराला दूध पाजून येते, असा शब्द देऊन ती जाते आणि खरंच वाघासमोर येऊन उभी राहते. तिचं सत्य पाहून वाघालाच शरम वाटते आणि तो प्राण सोडतो. आम्ही दोघी थक्क झालो. दोन भाषा, दोन वाघ, परत येण्याचं वचनही दोन्हीकडे. एक वचन देऊन निसटते, दुसरी वचन पाळून जिंकते. नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अज्जी, गाईला पण भोपळ्यात बसव ना!"

असं बटण कुठल्या ॲपमध्ये असतं हो?

तरीही मी या खेळांच्या विरुद्ध नाही. घरात यंत्र असणारच. निवड आपल्या हातात आहे. ज्यात टिचकी मारल्यावर गोष्टच पुढे जाते, असा खेळ घ्यावा. नुसता नाच, नाणी आणि बक्षिसं असतील तर दुरूनच नमस्कार. पान आपोआप उलटत नसेल तर उत्तम. वाचणारा आवाज बंद करता येतो का, हे आधी बघावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं प्रमाणही लक्षात ठेवावं. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं चांगलं.

माझ्या सासूबाईंच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तरही आता मिळतं. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर' या व्यासपीठावर मराठीतही आणि कन्नडमध्येही चित्रगोष्टी विनामूल्य वाचता येतात. कुणालाही तिथल्या गोष्टीचा अनुवाद करता येतो. ते खेळ नव्हेत, पुस्तकंच आहेत. पण एकच चित्र आणि दोन्ही भाषा, ही आपल्यासारख्या घरांची गरज तिथे भागते. एक आजी मराठी पान वाचेल, दुसरी कन्नड.

नातीचं नाव शेवटी दुसऱ्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" सूनबाईने सांगितलं, "दोन. आणि दोन्ही राहणार आहेत." हे मी फोनवर विहीणबाईंना सांगितलं. त्या क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग पलीकडून हळूच आवाज आला, "हूं."