खोक्यातून थेट उतारावर

डाउनहिल सायकल एकाच कामासाठी बनते: डोंगराच्या माथ्यावरून दगड, मुळे आणि उड्या पार करत कमीत कमी वेळात पायथा गाठणे. चढावर तिचा काही उपयोग नसतो. वर न्यायला केबल कार लागते, नाही तर स्वतःचे खांदे. पुढचा चिमटा मोटरसायकलीसारखा, हेडट्यूबच्या खाली आणि वर अशा दोन ठिकाणी जखडलेला असतो. दोन्ही चाके सुमारे २०० मिलिमीटर वर-खाली होतात, ब्रेकची डिस्क साधारण तेवढ्याच व्यासाची असते आणि सगळे मिळून वजन १५ ते १७ किलोंच्या घरात जाते. चिमटा इतका पुढे कललेला असतो की सपाट रस्त्यावर ही सायकल वळवताना लांब दांड्याची हातगाडी वळवल्यासारखे वाटते. किंमत चांगल्या मोटरसायकलीएवढी. एवढे पैसे मोजल्यावर आणखी काही न बदलता ती शर्यतीत उतरवता येते का, हा प्रश्न प्रत्येक नव्या स्वाराला पडतो.

एके काळी याचे उत्तर सरळ नकारार्थी होते. १९९०च्या दशकात काही नामवंत स्वार इंटेन्स या छोट्या अमेरिकन कंपनीच्या फ्रेमवर आपल्या प्रायोजकाचे स्टिकर लावून धावत. होंडाने तर २००४ ते २००७ या काळात आरएन-०१ नावाची सायकल विश्वचषकात उतरवली. गिअर फ्रेमच्या पोटात बंद असलेली ही सायकल कधीच विक्रीला आली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने २००५चा विश्वचषक तिच्यावर जिंकला. होंडाने अंग काढून घेतल्यावर मिनार सांताक्रूझ या सायकल कंपनीच्या संघात गेला आणि २००८चा विश्वचषक त्याने व्ही-१० या सायकलीवर जिंकला. व्ही-१० कोणालाही दुकानात मिळत होती. प्रायोगिक सायकली आजही दिसतात, पण अनेक संघ आता विक्रीतल्याच फ्रेम वापरतात. फरक असतो तो मागच्या चाकाचे दणके झेलणाऱ्या शॉकच्या पोटात. तिथल्या झडपा आणि स्प्रिंग एका ठरावीक स्वाराच्या वजनाला आणि सवयींना जुळवलेल्या असतात, आणि त्या रोज तपासायला मेकॅनिक असतो. दुकानातल्या गिऱ्हाइकाला फ्रेम तीच मिळते, मेकॅनिक मिळत नाही.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमचा आहे. बेन नेव्हिसच्या शेजारच्या डोंगरावर गोंडोला, म्हणजे केबल कार, आहे आणि सायकली तिलाच अडकवून वर नेता येतात. २००२पासून इथे विश्वचषकाच्या अनेक शर्यती झाल्या आहेत. २००७ आणि २०२३ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथेच झाली. मार्ग पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, उतार सुमारे साडेपाचशे मीटर. वरच्या उघड्या माळावर गाडग्या-मडक्यांएवढे दगड पसरलेले, मधल्या झाडीत ओली मुळे आणि काळा चिखल, शेवटी वेग वाढवत नेणाऱ्या मोठ्या उड्या. जगातले अव्वल स्वार हे सारे साडेचार मिनिटांच्या आसपास उतरतात. स्थानिक हौशी शर्यतींनाही हाच मार्ग मिळतो. सिंहगडाच्या चढावर गिअरची सायकल दामटून तयार झालेला, पुढे नोकरीनिमित्त ग्लासगोला गेलेला लेखक ऑगस्टमधल्या अशाच एका शर्यतीत उतरला. सायकल मधल्या किमतीची, ॲल्युमिनियम फ्रेमची, मीडियम मापाची आणि कोरी होती. शर्यतीपूर्वी एकच सुधारणा केली होती: कार्बनचे हँडल. त्याने शंभरेक ग्रॅम वाचले.

सरावाच्या पहिल्याच दिवशी वरच्या दगडांत मागचे चाक टिकेना. प्रत्येक दगडावर ते दणका देऊन उसळे आणि पुन्हा जमिनीला लागेपर्यंत पुढचा दगड आलेला असे. अर्ध्या उताराच्या आतच हात इतके भरून येत की ब्रेक दाबायला बोटे वळत नसत. लेखकाने याचा दोष आपल्या मनगटांना दिला. पार्किंगमध्ये शेजारी गाडी लावलेल्या एका वयस्कर स्वाराने दोन खेपा पाहिल्या आणि खिशातून मोजपट्टी काढली.

स्वार हेल्मेट, पॅड, बूट घालून सायकलीवर उभा राहिला की ती आपोआप थोडी दबते. या दबण्याला सॅग म्हणतात. डाउनहिल सायकलीच्या मागच्या बाजूला सॅग एकूण प्रवासाच्या साधारण ३० टक्के धरतात. चाक केवळ वरच जायचे नसते, दगडानंतरच्या खड्ड्यात खालीही उतरायचे असते, आणि खाली उतरायची जागा सॅगमधूनच मिळते. चाक २०० मिलिमीटर हलत असले तरी लेखकाच्या शॉकचा स्वतःचा प्रवास ७५ मिलिमीटरचा होता, म्हणजे २२ मिलिमीटरच्या आसपास दबायला हवे होते. मोजले तर १६ भरले, जेमतेम २१ टक्के. कारण स्प्रिंगवरच छापलेले होते: ४५०. ही स्प्रिंग एक इंच दाबायला ४५० पौंड जोर लागतो. कंपनी मीडियम मापाच्या फ्रेमला एकच स्प्रिंग लावून पाठवते आणि ती निवडताना तिच्या डोळ्यांसमोर ७५-८० किलोंचा माणूस असतो. लेखकाचे वजन ६२ किलो. सायकल शर्यतीला तयारच होती. फक्त दुसऱ्या कोणासाठी तरी.

पुढच्या शर्यतीआधी ३५०ची स्प्रिंग आली. तिची किंमत त्या कार्बन हँडलच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडी कमी होती. सॅग २० मिलिमीटर झाला. स्प्रिंग मऊ झाली की तिला परत येताना रोखणारा रिबाउंडही सैल करावा लागतो, नाही तर सलग दगडांत शॉक आतच अडकत जातो. तो तीन क्लिक सैल केला. पुढच्या चिमट्यात हवेची स्प्रिंग होती, त्यामुळे तिथे शॉकपंपावर काम भागले. खर्च शून्य. कंपनीने बसवलेला चिमटा आणि शॉक दोन्ही उत्तम होते आणि हौशी स्वाराच्या हयातीत तरी ते अपुरे पडण्याची शक्यता कमी. पण चुकीच्या स्प्रिंगवरचा महागडा शॉक आणि स्वस्त शॉक यांतला फरक उतारावर कळत नाही.

दुसरा धडा टायरचा, आणि चालत उतरावे लागल्याने तो अधिक लक्षात राहिला. कॅटलॉगमध्ये टायरचे नाव आणि नक्षी विश्वचषकातलीच होती. बाजूच्या भिंतीवरची बारीक अक्षरे मात्र वेगळी. एकच टायर पातळ कापडात आणि दुहेरी जाड कापडात असा दोन्ही प्रकारांत मिळतो. जाड टायर सव्वा किलोच्या पुढे जातो. किंमत आणि कागदावरचे वजन आटोक्यात राहावे म्हणून काही कंपन्या डाउनहिल सायकलीलाही पातळ टायर लावतात. दगड आणि रिम यांच्यात असा टायर चिमटला की दोन चिरा पडतात, आणि ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेले सीलंट त्या बुजवू शकत नाही. सरावातच तसे झाले. पायी उतरताना मिज नावाच्या स्कॉटिश चिलटांनी केलेला पाहुणचार वेगळाच. हवा वाढवली तर पंक्चर टळते, पण पकड जाते. जाड टायर लावल्यावर मात्र मागे २४ आणि पुढे २२ पीएसआयवर तेच दगड पार झाले.

शर्यतीत कोणता भाग किती मोलाचा, हे ऑस्ट्रियातल्या लिओगांगने एकाच स्वाराच्या बाबतीत दोनदा दाखवून दिले आहे. २०१४च्या विश्वचषकात अमेरिकेच्या ॲरन ग्विनचा मागचा टायर पंक्चर होऊन निघून गेला आणि तो उघड्या रिमवर, ठिणग्या उडवत खाली आला. शर्यत हातची गेली. २०१५ साली त्याच डोंगरावर सुरुवातीलाच त्याची चेन तुटली. एकदाही पायडल न मारता तो खाली उतरला आणि जिंकला. हलक्या क्रँक आणि महागड्या गिअरसाठी पैसे बाजूला काढणाऱ्याने ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

ब्रेकबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. चार पिस्टनचे कॅलिपर आणि २०० मिलिमीटरची डिस्क ६२ किलोंच्या माणसाला पुरते. नव्वदच्या पुढच्या स्वाराने २२०चा विचार करावा. स्कॉटलंडच्या पावसात कंपनीचे मऊ पॅड भराभर झिजतात, म्हणून धातूचे घालावेत. नवे पॅड मात्र शर्यतीच्या सकाळी लावू नयेत. वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या गतीपर्यंत जोरात ब्रेक लावायचे, असे वीसेक वेळा केल्यावरच ते डिस्कवर बसतात.

उरलेल्या गोष्टींना पैशांपेक्षा वेळ अधिक लागतो. हँडल बहुधा ८०० मिलिमीटर रुंद येते. बुटक्या स्वाराला ते कापावे लागते, आणि झाडीत दोन खोडांमधून जाताना कापल्याचे समाधान वाटते. पहिल्या दिवसानंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासावा. लेखकाच्या सायकलीत शॉकचा खालचा बोल्ट अर्धा फेरा सैल निघाला आणि मागच्या चाकाचे काही आरे ढिले पडले होते. शर्यतीला तयार म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सायकलींना पायडलच नसतात, हे खोके उघडल्यावरच समजते.

कंपनीच्या स्प्रिंगवर आणि पंक्चरनंतर आत घातलेल्या ट्यूबवर लेखकाची पहिली शर्यत ७ मिनिटे ४० सेकंदांची झाली. पुढच्या महिन्यात त्याच मार्गावर ६ मिनिटे ५२ सेकंद लागले. हे सगळे श्रेय स्प्रिंग आणि टायर यांचे नाही, कारण तोवर मार्गही ओळखीचा झाला होता. पण दुसऱ्या खेपेला बोटे शेवटच्या उडीपर्यंत वळत होती. नवी सायकल घेणाऱ्याने दुकानात स्वतःचे वजन हेल्मेट-पॅडसकट सांगावे, स्प्रिंगवरचा आकडा वाचावा आणि टायरची भिंत बोटांनी दाबून पाहावी. खरेदीच्या वेळी स्प्रिंग बदलून मागायला संकोच करू नये.

कार्बनच्या हँडलवर त्याच हंगामात, एका साध्या वळणावर पडल्याने, खोल ओरखडा आला. अशा ओरखड्यानंतर कार्बनचा भरवसा नसतो, म्हणून ते काढून सायकलीबरोबर आलेले ॲल्युमिनियमचे मूळ हँडल ७७० मिलिमीटरवर कापून परत बसवले. आजही तेच आहे.